तुटलेल्या लाईनवरून आलेलं उत्तर

कोणाला पटवून देण्यासाठी हे लिहीत नाहीये. पटलं नाही तर खुशाल पुढच्या पोस्टवर जा, मला राग येणार नाही. पण यातलं काहीही मी मनाने रचलेलं नाही. निम्मं दादाच्या तोंडून ऐकलंय, उरलेलं स्वतः पाहिलंय.

आणि त्याचा वासही घेतलाय. तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

वादळ नव्हतं, वीज गेलेली नव्हती, रात्रही नव्हती. सोमवार होता. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दादा एका जुन्या तीन मजली इमारतीच्या जिन्यात नाकाला रुमाल लावून उभा होता.

समोर भिंतीवर टेलिफोनच्या तारांचा डबा होता. त्याचं झाकण त्याला उघडायचं होतं.

ते उघडणं तो अकरा महिने टाळत होता…

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजच्या ब्रॉडबँड विभागात नोकरीला. ऑफिसात त्याला सगळे 'साबण' म्हणायचे, कारण हा दिवसातून वीस वेळा हात धुवायचा. कोणी शिंकलं की दोन खुर्च्या लांब सरकायचा. चहाच्या कपाला आधी रुमाल फिरवायचा, मग ओठ लावायचा. आणि अशा माणसाच्या वाट्याला काम काय यावं, तर गटाराशेजारच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालायचं! त्या डब्यांत झुरळं असतात, उंदरांची घरटी असतात, कुरतडलेल्या तारांवर त्यांचं मुतलेलं वाळलेलं असतं. दादाला पहिल्याच वर्षी तीन वेळा उलटी झाली. मग त्याने साहेबांच्या मागे लागून खुर्चीतलं काम मिळवलं. लाईन तपासायची, पण पडद्यावर.

आता थोडं त्या कामाचं सांगतो. कंटाळा करू नका, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जुन्या टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येतं त्या घरात भिंतीतून तांब्याच्या दोन बारीक तारा आलेल्या असतात. ती त्या घराची जोडी. ती सरळ एक्स्चेंजपर्यंत जाते. घरातल्या मोडेमला वाटतं, आपण एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसोबत बसलोय. कसलं काय! प्रत्येक जण आपापल्या खोलीत कोंडलेला असतो, आणि सगळ्या खोल्यांची दारं एकाच्याच समोर उघडतात. तो म्हणजे एक्स्चेंजमधला राउटर. शेजारच्या घरी काही पाठवायचं म्हटलं तरी ते आधी एक्स्चेंजला जातं आणि तिथून फिरून शेजारी येतं.

राउटरकडे एक तक्ता असतो. प्रत्येक लाईनला इंटरनेटवरचा एक पत्ता दिलेला असतो, आणि कुठला पत्ता कुठल्या तारेवर, एवढंच त्यात. शंका आली की तो त्या तारेवर हाक मारतो, "हा पत्ता कोणाचा?" मोडेम म्हणतं, "माझा." आणि उत्तरासोबत आपला नंबर सांगतं, बारा अक्षरांचा, कारखान्यातच छापलेला. दोन मोडेमचा नंबर कधी एक नसतो.

आणखी एक गंमत असते. तुमच्या मोडेमने शेजाऱ्याला हाक मारली, तर शेजाऱ्याच्या वतीने राउटरच उत्तर देतो, "हो, मीच तो. दे इकडे."

दुसऱ्याच्या नावाने हो म्हणायचं. त्यात लबाडी नाही, तशी सोयच आहे. दादा हे आम्हाला हसत हसत सांगायचा. आता नाही हसत.

तर दादाची एक सवय होती. तक्रार आली की त्याने पडद्यावरून त्या तारेला हाक मारायची. उत्तर आलं की लिहायचं, "लाईन चालू. दोष ग्राहकाकडे." झाली तक्रार बंद. नियम असा होता की तरीही कोणीतरी घरी जाऊन यायचं. पण जिने चढणार कोण आणि कोणाच्या घरातली घाण बघणार कोण?

त्याच जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी एकटे राहायचे. त्यांची मुलगी लांब, दुसऱ्या शहरात. तिची तक्रार आली, "बाबा फोन उचलत नाहीयेत, लाईन बघा." दादाने खुर्चीतून हाक मारली. मोडेमने उत्तर दिलं. "लाईन चालू."

चार दिवसांनी पुन्हा तक्रार आली. "लाईन चालू."

आठवड्याने तिसरी आली. मुलगी फोनवर रडत होती. "अहो, एकदा कोणीतरी वर जाऊन दार तरी वाजवा हो…" दादा म्हणाला, "ताई, उत्तर येतंय. लाईन अगदी ठणठणीत आहे."

एकोणिसाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या छतातून काहीतरी ठिबकायला लागलं. पिवळट. दाट.

काय ते मी लिहीत नाही.

लोकांनी दार फोडलं, पुढचं सगळं झालं, आणि मग ऑफिसने दादालाच पाठवलं, मोडेम परत आणायला. कारण मोडेम ऑफिसची मालमत्ता ना! माणूस एकोणीस दिवस सडला त्याचं कोणाला काही नाही, पण डबा जमा झाला पाहिजे. मला त्या ऑफिसची किळस येते, खरंच सांगतो.

खोली धुतलेली होती, तरी पाय ठेवल्यावर बुटाचे तळवे जमिनीला चिकटत होते. खिडकीच्या चौकटीत मेलेल्या माश्यांचा ढीग होता. पलंगाशेजारी स्टुलावर मोडेम होतं, आणि त्याचा हिरवा दिवा तेव्हाही लुकलुकत होता. दादाने ते उचललं तर गरम लागलं. स्टुलाला चिकटलेलं होतं. ओढलं तेव्हा खालून तार सुटली, पाकाची सुटते तशी… आणि तिच्यात पांढरे केस होते.

दादा जिन्यात ओकला. मोडेम पिशवीत घातलं, ऑफिसच्या मागे नेऊन हातोडीने फोडलं आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. मग संध्याकाळपर्यंत हात धूत बसला.

दोन कामं मात्र त्याने केली नाहीत. जिन्यातल्या डब्यातून वर खोलीकडे गेलेली तार तोडायची होती, ती तोडली नाही, कारण डब्यापाशीही तो वास येत होता. आणि तक्त्यातून घड्याळजींचा पत्ता काढायचा होता, त्याचा अर्ज तीन वेळा टेबलावर आला आणि तीन वेळा फाईलखाली गेला.

आता काकूकडे येतो. दादाची आई, माझी काकू. ही सगळी हकीकत तिचीच आहे.

काकू त्या इमारतीला लागूनच मागच्या इमारतीत राहायची. तळमजल्यावर, एकटी. पायांना सूज आणि जखमा. जखमा वाहायच्या. कपडा वेळेवर बदलता यायचा नाही. खोलीत तो एक वास भरलेला असायचा, औषधाचा, लघवीचा आणि पुवाचा. वहिनी दादाला कितीदा म्हणाली, "आईंना इकडे आणू या, मी करेन त्यांचं." दादा नाही म्हणायचा. वहिनीने करायचं म्हटलं तरी वास त्याच्याच घरात राहणार होता ना! पंधरा दिवसांतून एकदा तो जायचा आणि दारात उभ्या उभ्या बोलून परत यायचा. आईच्या जवळ बसायला त्याला शिसारी यायची. पोटच्या पोराला.

आणि मी काय वेगळा होतो? मी दोन स्टॉप सोडून राहायचो. वर्षातून दोनदा जायचो, तेही खिडकीशी बसायचो.

काकूने मागितलं एवढंच होतं. "पडले बिडले तर कोणाला तरी कळू दे रे बाबा. त्या घड्याळजींसारखं नको."

दादाने त्यावर आपल्या धंद्यातली युक्ती काढली. काकूच्या घरी मोडेम बसवलं. रात्री झोपताना तिने त्याचं बटण बंद करायचं, सकाळी उठलं की सुरू करायचं. दहा वाजता दादा ऑफिसातून हाक मारणार. उत्तर आलं की समजायचं, आई उठली. नाही आलं की धावत जायचं. हे सांगताना त्याला केवढा अभिमान! "मी आईला रोज बघतो," म्हणायचा सगळ्यांना.

बघायचा तक्ता, आणि म्हणायचा आई.

नव्या लाईनसाठी त्या गल्लीत रिकामी जोडी नव्हती. एकच होती. घड्याळजींची.

दादाने त्यांचीच जोडी घेतली. जिन्यातल्या डब्यात बाहेरच्या बाहेर एक तार जोडून घ्यायला एका कंत्राटी माणसाला सांगितलं, आणि ती मागच्या इमारतीत काकूच्या खोलीत नेली. वर खोलीकडे गेलेला फाटा तसाच राहिला. एकाच जोडीला दोन फाटे. एक जिवंत म्हातारीकडे, एक त्या खोलीकडे.

दहा महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एके दिवशी दहा वाजता दादाने काकूच्या तारेला हाक मारली… आणि दोन उत्तरं आली.

एक काकूच्या पत्त्यावरून. दुसरं घड्याळजींच्या.

दादाला वाटलं, त्या खोलीत कोणी भाडेकरू आला असेल आणि त्याने फुकटचं मोडेम लावलं असेल. मग त्याने उत्तरासोबत आलेला बारा अक्षरांचा नंबर पाहिला आणि भंगाराच्या जुन्या नोंदीशी ताडून पाहिला.

तोच होता. हातोडीने फोडलेला.

त्याने अर्जाविनाच तक्त्यातून तो पत्ता पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे. पुन्हा पुसला. पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी एक विचित्र गोष्ट झाली. दादाने हाक मारली दहा वाजता…

उत्तराची वेळ लागली होती नऊ एकोणसाठ.

विचारायच्या आधी.

त्या आठवड्यात काकूचा फोन आला. "अरे, त्या डब्यातून कोणीतरी बोलतं."

"आई, मोडेममधून आवाज येत नसतो."

"मला काय सांगतोस? रोज सकाळी बोलतं. ओलं ओलं बोलतं रे. तोंडात काहीतरी भरलेलं असावं तसं."

"काय बोलतं?"

"आहे, म्हणतं. ठीक आहे, म्हणतं. मी विचारलं, कोण आहे? तर पुन्हा तेच."

दादाने 'बरं बघतो' म्हणून फोन ठेवला आणि हात धुतले. फोनवर बोलून हात कशाला धुवायचे, ते त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो रस्त्यावरच्या लोखंडी कपाटापाशी गेला. सगळ्या गल्लीच्या जोड्या तिथे येतात. लाईनमन लोकांकडे टेस्ट फोन असतो, चिमटे लावून तारेवरचं ऐकायचा. दादाने चिमटे लावले आणि फोन कानाला धरला.

आधी नुसती खरखर.

मग माश्या. खूप माश्या. जवळून.

मग ओठ चाटल्यासारखा आवाज… चिकट… सावकाश…

"आहे… ठीक आहे…"

दादाने फोन कानापासून झटकन लांब केला. कानाला काहीतरी गार लागलं होतं. बोटाने पुसलं तर पिवळट, तेलकट. फोनच्या भोकांतून ते बारीक बारीक वर येत होतं, मुरूम दाबल्यावर येतं तसं. आणि वास… तोच. एकोणीस दिवसांचा.

त्याने तो फोन गटारात फेकला. कान घासून घासून त्याने रक्त काढलं, ते वहिनीने पाहिलंय.

म्हणून तो सोमवार. म्हणून तो जिना. वरचा फाटा तोडला की भानगड संपेल, असं त्याला वाटलं. ते बरोबरही होतं. काम फक्त नीट करायला हवं होतं.

काकूकडे मदतीला येणारी बाई शनिवारीच काम सोडून गेली होती. दादाला ते माहीत होतं. दुसरी बघू म्हणाला होता. डबा होता तिथून काकूचं दार चाळीस पावलांवर होतं. आधी तिच्याकडे डोकावून यावं, असं त्याच्या मनात आलंही. "पण म्हटलं, आधीच मळमळतंय, त्यात तिथला वास कुठे घेऊ…" हे त्याने मला स्वतः सांगितलं. माझ्याकडे न बघता.

त्याने झाकण उघडलं.

आत झुरळं होती, ती असतातच. पण ती पळाली नाहीत. तारांवर मऊ, पांढरट चरबीचा थर बसला होता आणि ती त्यात पाय रुतून बसली होती, जिवंत, मिशा हलवत. थरातून पांढरे केस बाहेर आले होते. दादाने दोन हातमोजे घातले होते, एकावर एक. तरीही बोट आत गेलं तेव्हा ते कोमट लागलं…

तिथे एकाच ठिकाणी दोन फाटे येत होते, म्हणजे चार तारा. त्यातल्या दोन तोडायच्या होत्या. वर जाणाऱ्या.

दादाने डोळे मिटले. पक्कड आत घातली. दाबली.

झाकण लावलं आणि धावतच खाली आला. हातमोजे जिन्यातच टाकले. ऑफिसला पोचला, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग पडद्यासमोर बसून हाक मारली.

घड्याळजींचा पत्ता गेला होता.

काकूचा पत्ता होता. उत्तर आलं. "आहे."

दादा मला म्हणाला, त्या दिवशी अकरा महिन्यांनी तो पोटभर जेवला.

मंगळवारी दहाला हाक मारली. उत्तर आलं. बुधवारी मारली. आलं. वहिनीने विचारलं, "आईंचा फोन नाही आला दोन दिवस?" दादा म्हणाला, "उठतेय, बटण लावतेय. आत्ताच पाहिलं मी."

गुरुवारी साडेदहाला त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. लाईनवरच्या बाई होत्या. हुद्दा लाईनमन, वय पन्नाशीच्या पुढे, सगळं ऑफिस त्यांना 'बाई' म्हणायचं. खांबावर चढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याच कोणाच्या तक्रारीसाठी त्या आज त्याच जिन्यात गेल्या होत्या.

"साबण्या, तुझ्या आईची लाईन कधीपासून बंद आहे रे?"

"बंद? नाही हो बाई. दहाला उत्तर आलंय."

"कसलं उत्तर? इथे मागच्या इमारतीकडची जोडी तुटून लोंबतेय. पकडीने तोडलीय. वरचीही आणि हीही."

"अहो, आत्ता समोर आहे माझ्या…"

"अरे, तार माझ्या हातात आहे!"

दादाने हाक मारली. पडद्यावर उत्तर आलं.

"बाई… येतंय उत्तर."

बाई हळूच म्हणाल्या, "पत्ता नको बघूस. नंबर वाच. बारा अक्षरी. कोण उत्तर देतंय ते वाच."

चार दिवस दादाने तो रकाना पाहिलाच नव्हता. पत्ता आईचा दिसला की त्याला पुरायचं.

त्याने आता पाहिला.

पत्ता काकूचा होता. नंबर घड्याळजींच्या मोडेमचा.

तो मेलेला माणूस काकूच्या नावाने हो म्हणत होता. सोमवारपासून. रोज. दहा वाजता.

दादा पळत सुटला. मला रिक्षातून फोन केला, नुसतं "आई… आई…" मी जवळ होतो, म्हणून दोघे एकदमच पोचलो. बाई दारातच होत्या. कडी आतून. बाईंनी खांद्याने दार फोडलं.

वास आधी आला.

काकू पलंग आणि मोडेमच्या मध्ये जमिनीवर पडली होती. कुशीवर. चार दिवस त्याच जागी, त्याच घाणीत. पातळ अंगाला चिकटून वाळलं होतं. पायांच्या जखमांवर माश्या बसल्या होत्या आणि जखमांत काहीतरी वळवळत होतं… मी भिंतीकडे तोंड करून ओकलो. मला माझी लाज वाटते, पण ओकलो.

ती जिवंत होती.

दादा दारात उभा राहिला. मी त्याला पाहत होतो. त्याचा हात आपोआप रुमालाकडे गेला. मग तो हात खाली आला, आणि तो तसाच त्या सगळ्यात गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

काकूचे ओठ फाटले होते. डोळे उघडे होते, पण ती बघत नव्हती.

"दिवा लाल झाला रे," ती म्हणाली. "सोमवारी. दुपारी. म्हटलं, तुला उत्तर गेलं नाही तर काळजी करशील… म्हणून उठले."

दादाने हाताने तिच्या तोंडावरचे केस मागे सारले.

"तू रोज विचारायचास. ऐकू यायचं मला. दिवा लाल, तरी त्या डब्यातून यायचं. तू विचारायचास आणि तो सांगायचा, आहे, ठीक आहे. मी ओरडत होते रे. नाही म्हणत होते. पडलेय म्हणत होते." ती धापा टाकत होती. "माझ्यापेक्षा त्याचा आवाज मोठा."

"आई, मी आलोय. मीच आहे."

काकूने त्याच्या चेहऱ्यावर हात फिरवला. नाकावर, ओठांवर, गालावर. बराच वेळ.

"तू खरंच आलास?" ती म्हणाली. "की तोच म्हणतोय, तुझ्या नावाने?"

काकू दवाखान्यात नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत दादाने नर्सला हात लावू दिला नाही. जखमा, कपडे, भांडं, सगळं त्याने केलं, उघड्या हातांनी. प्रत्येक वेळी काकू विचारायची, "कोण आहे?" आणि प्रत्येक वेळी तो सांगायचा, "मी." तिला ते शेवटपर्यंत पटलं की नाही, मला माहीत नाही. दादालाही माहीत नाही. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

नंतर बाईंनी ती जोडी कपाटापासून जिन्यापर्यंत ओढून काढली, स्वतःच्या हाताने, आणि भंगारात दिली. दोन्ही पत्त्यांचे अर्ज दोन दोन सह्यांनिशी भरले गेले. पत्ते तक्त्यातून निघाले. या वेळी सगळं नियमाप्रमाणे.

काकूचं मोडेम दादाने टेबलावर ठेवलं होतं. जमा करायचं होतं. वायर नाही, वीज नाही, नुसता डबा.

बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "एकदा हाक मारून बघ. खात्री होऊ दे."

दादाने काकूच्या पत्त्याला हाक मारली.

तक्त्यात तो पत्ता नव्हता. ती तार पृथ्वीवर नव्हती. थोडा वेळ काही झालं नाही. बाईंनी श्वास सोडला.

आणि उत्तर आलं…

या वेळी दादाने नंबर आधी वाचला. घड्याळजींचा नव्हता. त्याने समोरचा डबा उलटा करून ताडून पाहिला, एकेक अक्षर, बोट ठेवून. मग बाईंनी पाहिलं.

काकूचाच होता.

बाईंनी बदली मागून घेतली. दादा अजून तिथेच आहे. रोज दहा वाजता हाक मारतो, उत्तर आलं की मला फोन करून सांगतो, "आई उठली." आता त्याचा आवाज अगदी शांत असतो. वहिनी म्हणते, राहू दे, त्याला बरं वाटतं. मीही हो ला हो म्हणतो.

पण फोन ठेवल्यावर मला प्रश्न पडतो. तिथे काकू असेल, तर ती अजून त्याच जमिनीवर पडून असेल का? आणि काकू नसेल, तर तिचा नंबर सांगायला आता कोण शिकलंय?

दादाला हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.